बाह्या

जुहूच्या हँगरवर मे महिन्याची दुपार,
पत्रा तडतडतोय.
रिगकडच्या दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी बाकी.
मी मिस्किटांच्या काउंटरवर ओव्हरऑल आपटते:
अंकल, हा नको. पातळ काहीतरी द्या,
तो चकचकीत टी-शर्ट असतो ना, घाम टिपणारा, तसं.

मिस्किटा बोलत नाहीत.
खणातून तीन चिंध्या काढतात, आणि काडेपेटी.

चकचकीत चिंधी आक्रसते, थेंब होते,
थेंब स्टीलच्या बशीला चिकटून बसतो,
नखाने निघत नाही.
सुती चिंधी जळते सरळ, राख ठेवून जाते.
तिसरी, माझ्याच ओव्हरऑलच्या कापडाची,
काळवंडते, आणि काडी दूर नेताच
विझते. कंटाळल्यासारखी.

"आत सुती बनियन. आणि एक नंबर मोठा घे.
कापड आणि कातडी यांच्यामध्ये
हवेला बसायला जागा ठेव, पोरी."

बरं, म्हणते मी. घाम डोळ्यांत उतरतो.
बाह्या तेवढ्या कोपरापर्यंत दुमडते.

ते बशी पुसत असतात.
पुसता पुसता डावा हात उजेडात येतो:
मनगटापासून कोपरापर्यंत
गुळगुळीत, गुलाबी, एकही केस नाही,
आणि दुमडलेली बाही जिथे थांबली होती
तिथे अजून सरळ रेघ.

"ऑक्टोबर होता," म्हणतात.
"फार उकडत होतं."

मी बाह्या खाली घेते.
अर्धी बाटली पाणी पिते, हातमोजे चढवते.
बाहेर डांबर मऊ झालंय, बुटांना धरतं.
पाठीवरून एक धार निघते
आणि वाटेतच
सुती बनियनमध्ये मुरते.