हिस्टरी

हिस्टरी घ्या, म्हणते मी. पोरं वह्या उघडतात.
खिडकीखाली स्टेशनच्या रिक्षा भांडतायत.
वय, गाव, पाळी, झोप, जेवण.
मग फळ्यावर लिहिते: उत्तर कोण देतंय?

तन्वेश विचारतो, मॅडम, हे परीक्षेला आहे?

नाही रे. परीक्षेला हिमोग्लोबिन आहे.
सहा होतं तिचं.
कोथरूडच्या एका फ्लॅटमधून आणलेली,
"आमच्या घरचीच आहे हो," बाई म्हणाल्या.
आधार कार्ड बाईंच्या पर्समध्ये.
मनगटावर भाजल्याचे तीन डाग.
पोळ्या करताना, बाई म्हणाल्या.
तिन्ही एकाच मापाचे.
मी विचारलं, गाव कुठलं गं तुझं?
तिनं बाईंकडे पाहिलं,
परीक्षेत घड्याळाकडे पाहतो तसं.

मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या.
पंधरा दिवसांनी या.

ते पंधरा दिवस
गेली अकरा वर्षं संपत नाहीयेत.

तर, सोबतचं माणूस आधी बाहेर काढा.
वजन करायचंय म्हणा, लघवी तपासायचीय म्हणा,
एवढं खोटं चालतं आपल्या धंद्यात.
स्टूल ओढून तिच्याहून खाली बसा.
पोलीस हा शब्द लगेच नको.
विचारा, रात्री दाराला कडी
कुठल्या बाजूनं असते?

मागच्या बाकावरून रुकय्या मुजावर,
वर्षभरात पहिल्यांदाच तोंड उघडून:
"आणि ती काहीच बोलली नाही तर?"

बाहेर टोकन पुकारतात, एकशे बारा.
खडू माझ्या बोटांत तुटतो.

तर तिला परत बोलव.
कारण काहीही दे, सुई, पट्टी, रिपोर्ट.
आणि कागदावर तारीख घाल
उद्याची.