सुन्निव्हाची आई मोडते

"तुझी आई काय करते?" बाईंनी विचारलं.
कुणाची आई बस चालवत होती, कुणाची दात काढत होती.
सुन्निव्हा म्हणाली, "माझी आई वस्तू मोडते.
त्याचा पगार मिळतो."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला ओइस्टाइन,
ज्यानं त्याच आठवड्यात एक खिडकी फोडली होती
आणि स्वतःचा दात पाडला होता,
दोन्ही फुकट.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका बुधवारी
ट्रोंडहाइमच्या बर्फातून चौथीचा वर्ग निघाला,
बावीस टोप्या, एकेचाळीस हातमोजे,
आणि दारात उभी तूरिड, निळ्या डगल्यात.

काच फुटते. दोरी तुटते. काठी मोडते.
कापड फाटतं, शिवण उसवते, भिंतीला तडा जातो.
शब्द इतके सारे,
आतली गोष्ट एकच:
कुणाचा तरी हात सुटतो.

"कुणाचा?"
"कणांचा. इतके बारीक की मोजायला बसलात
तर म्हातारे व्हाल. रांगेत उभे असतात,
एकमेकांचे हात धरून. तुम्ही धरा बघू."

धरले. दोन्ही टोकांनी ओढाओढ.
मग तिनं मधल्या मार्टेला हळूच बाजूला काढलं,
आणि मार्टेच्या वाट्याचं ओझं
शेजारच्या ओइस्टाइनवर आलं,
तो सुटला, मग त्याच्या शेजारचा,
मग धपाधप सगळे.

"हीच चीर," तूरिड म्हणाली.
"चीर दांडगी नसते. फक्त टोकदार असते.
सगळा जोर त्या टोकाशी गोळा होतो,
आणि तिथला बिचारा एकटा असतो.
पाकिटाच्या कडेला ती इवलीशी खाच असते ना,
वेफर्सच्या? ती उगाच नसते."

मग तिनं पोलादाचे दोन तुकडे आणले,
करंगळीएवढे, दोघांच्या पाठीवर खाच.
एक टेबलावरचा, खोलीइतका उबदार.
दुसरा चिमट्यानं काढला वाफाळत्या डब्यातून,
उणे साठ.

वर टांगलेला हातोडा, घड्याळाच्या लंबकासारखा.
कान झाका.

उबदार तुकडा म्हणाला: वाकेन पण मोडणार नाही.
वाकला, ताणला, हातोड्याची बरीच ताकद पिऊन टाकली,
हातोडा पलीकडे जेमतेम गुडघ्याएवढा चढला.

थंड तुकडा म्हणाला: मोडेन पण वाकणार नाही.
काडकन.
हातोडा असा वर गेला
जसं मधे काही नव्हतंच.

दोन्हींच्या जखमा तिनं भिंगाखाली दाखवल्या.
एक मळकट, धाग्याधाग्यांची, ओढून काढल्यासारखी.
दुसरी चमचमती, साखरेसारखी.
"उबेत रांगा सरकून घेतात," ती म्हणाली,
"थोडं इकडे, थोडं तिकडे, ओझं वाटून.
गारठ्यात सरकणं जमत नाही.
आणि आपली जहाजं तर गारठ्यातच जातात."

डबा खाताना सगळ्यांनी प्रयोग केले.
कुरकुरीत पाव: मोडला.
तपकिरी चीज: वाकलं, मग फाटलं.
मार्टेचं गाजर: दातांनी तपासलं.

संध्याकाळी सुन्निव्हाच्या दारात ओइस्टाइन,
बगलेत नारिंगी प्लास्टिकची घसरपाटी,
कडेपासून आत चार बोटं गेलेली चीर.
"ही तुम्ही पुरती मोडणार का?"

तूरिडनं ड्रिल आणलं.
जिथं चीर संपत होती, नेमकं तिथं
एक गोल भोक पाडलं.
"भोक?" तो ओरडला. "आधीच मोडकी, त्यात भोक?"
"गोलाला टोक नसतं," सुन्निव्हा म्हणाली,
आईच्या आधी.

"म्हणजे आता कधीच मोडणार नाही?"
"मोडेल की," तूरिडनं भुसा फुंकला.
"पण इथून नाही. आणि आज नाही."

मग टेकडीवरून, दिव्यांच्या उजेडात,
ती दोघं सुटली खाली,
आणि त्या भोकातून वारा
तळापर्यंत शीळ घालत गेला.