पुढच्या गाडीतला बेडूक

आधी लायसन्स बघतो, मग पाय.
चपला असतील तर आमचे कॅनव्हासचे बूट,
एखादा नंबर मोठा असला तरी दोन तासांचा प्रश्न आहे.
मग पोशाखांची दांडी : वाघ, कोंबडा, केळं,
आणि एक शार्क, जिची चेन अडकते.
बेडूक मात्र कुणाला देत नाही.
बेडूक मी.

कुरोइवा, वय एकोणसाठ.
एकतीस वर्षं मासळीचा ट्रक चालवला,
तेव्हा तोक्यो माझ्या गुडघ्याखाली असायचं.
आता बूड डांबरापासून चार बोटांवर,
आणि बसचं चाक कानाशी येऊन श्वास सोडतं.

एक बोट वर, की एका रांगेत.
दोन बोटं, की जोडीनं.
मूठ म्हणजे थांबा.
हात हलवायचा तो लाल दिव्याला,
हिरव्याला दोन्ही हात चाकावर.
एवढं इंग्रजी पाठ आहे,
पुढचं हसण्यावर निभावून नेतो.

शिनकिबाच्या गॅरेजातून निघतो, तोयोसूमार्गे.
खाडीचा वारा टोपीत शिरतो,
बेडकाचे डोळे फडफडतात.
काचिदोकीच्या पुलावर सगळे ओरडतात,
नदी बघून नव्हे, सांधा आला की माकडहाड बोलतं म्हणून.
पूल उतरलं की डाव्या हाताला
पूर्वी मासळीबाजार होता.
पहाटे तीनला मी तिथे ट्रक मागे घ्यायचो,
आरशात न बघता, वासावर.
बाजार उठून पलीकडे गेला. मी नाही गेलो.
हे ठिकाण आमच्या यादीत नाही,
पण तिथे माझा पाय जरा सैल पडतो,
आणि मागचा कोंबडा हॉर्न देतो.

गिंझा. काचेत आमची वरात दिसते :
पुढे बेडूक, मग शार्क,
केळं म्हणजे पेरूचे एक दंतवैद्य, बायकोला घाबरत घाबरत ओव्हरटेक करणारे.

शिंबाशीचा सिग्नल लांबलचक.
ऑफिसं सुटलेली, फूटपाथभर काळे सूट,
सगळ्यांचे फोन एकदम वर.
मी मूठ वर केली. सगळे थांबले.
आणि समोर, कडेला, फुयुमी.

तिला सांगितलंय, गाड्यांच्या गॅरेजात आहे.
खोटं नाही ते.
तिच्या शेजारचा मुलगा हसत हसत शूटिंग करत होता,
तिला कोपरानं ढोसत होता, बघ, बघ.
ती बघत होती.
टोपी कपाळाखाली ओढावी म्हटलं,
तर हात अजून हवेतच, मूठ तशीच वळलेली.
लाल दिव्याला हात हलवायचा
हा नियम माझाच.
नाही हलवला.
तिनंही नाही.
मग हिरवा.

टॉवरपाशी सगळे उतरले,
माना मागे टाकून भगव्या लोखंडाचे फोटो काढले.
केळ्यानं विचारलं, उंची किती?
तीनशे तेहेतीस मीटर, मी म्हणालो.
एरवी यापुढे एक विनोद सांगतो.
आज आठवला नाही.

गॅरेजात परतल्यावर हेल्मेटं पुसत होतो, तेव्हा फोन वाजला.
फुयुमी. एकच ओळ.
ना नाव, ना टिंगल, ना प्रश्न :
“मागचा डावा दिवा लागत नाही.”

मागे जाऊन, वाकून पाहिलं.
खरंच की.

शार्क दोन तास माझ्याच मागे होती.
तिला विचारलं, हातवारे करून, दिव्यावर टिचकी मारून.
तिनं खांदे उडवले.
म्हणाली, मी तर शहर बघत होते.
आणि पाठ वळवून उभी राहिली,
चेन अडकली होती.

पक्कड आणली. चेन सोडवली.
मग बल्ब शोधत बसलो. खोक्यात सगळे उजव्या दिव्याचे,
असं मला उगाच वाटत राहिलं,
बल्बला कुठे डावं-उजवं असतं.