मधली चार मिनिटं

तवसाळची फळी वर उचलली की टॉवर मागे राहतो,
जयगडचा अजून डोंगराआड असतो.
मधली चार मिनिटं कुणाचाच फोन चालत नाही.
सुकतीला जरा जास्त,
वाळूच्या दांड्याला वळसा घालावा लागतो.
बावीस वर्षं या बोटीवर तिकिटं फाडतोय,
रेंज गेलेली मला फोन न बघता कळते :
आधी मोटरसायकलवाले माना वर करतात,
मग सुमोतली बायको नवऱ्याला काहीतरी विचारते,
मग कुणीतरी खाडीकडे बघतं.

प्रांजल वासावे, अकरावी कॉमर्स.
सातची फेरी, कठड्याजवळची जागा.
तिचा चेहरा मी त्या चार मिनिटांतच पाहिलाय.
एरवी तो खालून उजळलेला, काहीतरी मोजणारा,
लिलावात बोली चढताना पाटीवालीचा असतो तसा.

दिवाळीनंतर कुणीतरी नऊ सेकंदांची रील टाकली.
जयगडच्या लिलावात आईची पाटी उचलून देणारी
युनिफॉर्ममधली मुलगी,
बाहीवर ओघळलेलं बांगड्याचं पाणी,
आणि ती बाही नाकाशी नेऊन हुंगते, तेवढंच.
मागे गाणं. खाली : परफ्यूम कुठला गं?

मीही पाहिली, रात्री आडवा पडून.
हसलो.
अंगठा आपोआप पडला, लाल बदाम उमटला.
तिसऱ्यांदा फिरली तेव्हा दिसली
दप्तराला बांधलेली शिंपल्यांची माळ,
माझ्या बोटीवर रोज खुळखुळणारी.

सहा दिवस ती आली नाही.
सातव्या दिवशी अकराच्या फेरीला आली,
तिकीट घेतलं, जयगडला उतरली नाही.
तवसाळलाही नाही.
पुन्हा जयगड.
जेटी जवळ आली की दप्तरात फोन थरथरायचा,
पाटीत अजून जीव असलेली तारली फडफडते तसा,
आणि तिचे खांदे कानांपर्यंत चढायचे.
मधे आलो की उतरायचे.

चौथ्या फेरीला तिनंच विचारलं,
"काका, ही बोट मधेच बंद नाय पडत कधी?"
"पडते की."
"मग?"
"नांगर टाकतो. कुणीतरी येतं ओढायला."
ती पाण्याकडे बघत राहिली.
मला ते बघणं आवडलं नाही.
तिकिटांचं पुस्तक तिच्या हातात दिलं,
म्हटलं, बाय, जरा धर, गाड्या मोजून येतो.
गाड्या दोनच होत्या.

परत आलो, आणि तोंडातून निघून गेलं,
"त्यातला एक बदाम माझा होता. काल काढला."
शिव्या देईल असं वाटलेलं.
ती म्हणाली,
"चार हजार एकशे बाराचे अकरा झाले रात्री.
दोन वाजता.
मला वाटलं, माझंच वाचताना चुकलं."

जयगडला फळी पडली.
तिची आई उभी होती, हात बर्फानं लाल,
लुगड्याचा ओचा ओला.
मी कळवलं नव्हतं, जेटीवर बातमी चालत जाते.
काही न विचारता ती वर आली,
लेकीच्या शेजारी बसली,
आणि तीच ओली बाही असल्यासारखा
पोरीचा हात मांडीवर ओढून घेतला.
दप्तर थरथरत होतं. कुणी उघडलं नाही.

मी केबिनमध्ये डोकं घातलं,
"सुकती लागलीय इब्राहीम, वळशानं घे."
भरती होती, दांडा पार बुडालेला.
इब्राहीमनं पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सुकाणू फिरवलं.