फुलेवाडीतला एफ

लक्ष्मीपुरीत, बँकेच्या तळघरात,
एसी अठरावर आणि अंगात स्वेटर,
मी गुडघ्यावर बसून लेबल वाचतेय,
दोन-दोन करून:
पाच शून्य, शून्य नऊ, सात ई, बी सी…
पलीकडे जयसिंगपूरहून मुल्लाणी टाईप करतोय.
"सावकाश मॅडम. बी म्हणालात का डी?"
"बी. बी वॉर्डातला बी."
"मग झालं."

कोल्हापूरकराला हे अवघड नाही.
इथं घरालाही आकडा असतो आणि पुढं अक्षर.
आबा पोस्टात होते. म्हणायचे,
रंग बदलतो, मालक बदलतो,
चौकाचं नाव तर निवडणूक आली की बदलतं,
पण १०४२ ई कुठं जातंय?

पेटी कारखान्यातून निघते तीच नाव घेऊन.
सोळा अक्षरं, मोडीत जाईपर्यंत तीच.
स्विच देतो तो नुसता पत्ता:
कितवा स्विच, कितवं भोक.
केबल उपसून शेजारी खुपसली
की भाडेकरूनं खोली बदलल्यासारखं.
आणि सर्व्हर? तो तर हाक मारतो.
जी आधी उठेल ती पहिली, मग दुसरी, तिसरी.

मागच्या शनिवारी लाईट गेली, आली,
आणि तिसरी दुसरी होऊन उठली.
मला दुसरीच पुसायची होती.
जुनी, रिकामी.
बोट एंटरवर होतं
आणि पडद्यावर, कोण जाणे का, मी एकदा यादी उघडली:
अक्काताई चौगुले, बिद्री, म्हैस एक,
हप्ता सतरावा, भरला.

बोट उचललं.
चहा मागवला, तो तसाच थंड झाला.

तेव्हापासून हाकेवर माझा भरवसा नाही.

"टोपणनाव काय ठेवू?" मुल्लाणी विचारतो.
"अक्काताई."
"आँ?"
"ठेव. आणि झोनमध्ये दोघंच,
खातेवहीचा सर्व्हर आणि अक्काताई.
बाकी कुणाला ती दिसायची नाही."
तो हसतो. की वाजल्याचा आवाज येतो.

"शेवटची जोडी?"
"चार एफ."
"एस?"
"एफ, एफ."
लाईन खरखरते.
आता काय सांगू? वॉर्ड तर ईलाच संपतात,
आबांच्या थैलीत एफ कधी नव्हता.

"फुलेवाडीतला एफ रे."
"हां. मग झालं."