सातपट

रोजची भट्टी म्हणजे साठ मोळ्या लव्हाळा,
वीस झावळ्या, डांबराचे तीन बुधले.
मला पाठ आहे. ओल्या मातीवर बोरू टेकला
की हात आपोआप चालतो.

त्या दिवशी मैदानावरून निरोप आला:
सातपट.
निरोप्या धापा टाकत होता.
म्हणाला, राजाचा चेहराच फिरलाय.

मी विचारलं, कशाच्या सातपट?
आज सकाळच्या? की विटा भाजतो त्या दिवसाच्या?
तो म्हणाला, तूच जाऊन विचार.
मी गेलो नाही.
मी गुणाकार केला.

चारशे वीस. एकशे चाळीस. एकवीस.
एवढं डांबर कोठारात नव्हतंच,
नावांच्या तळाला फासायचं होतं ते कालव्यावरून ओढून आणलं.
म्हातारा भट्टीवाला इकीशा पुटपुटला,
विटेलासुद्धा हद्द असते,
तिच्यापुढे ती भाजत नाही, वितळते.
मग इकडेतिकडे बघून
स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला त्यानं.

तीन माणसं होती, दूरच्या मुलखातून धरून आणलेली.
अंगरखे, पागोटी, सगळं अंगावर तसंच ठेवून बांधलेली.
गुन्हा एवढाच, पुतळ्यापुढे गुडघे वाकले नाहीत.
त्यांना भट्टीच्या तोंडापर्यंत उचलून नेणाऱ्यांत
माझा मेहुणा रेमूत.
ताजी भाकरी हातात धरवत नसे त्याला,
बहीण फुंकर घालून द्यायची.

ते तिघे चालत बाहेर आले.
केस करपला नव्हता,
कपड्यांना धुराचा वासही नव्हता म्हणतात.
असेल. मी तेव्हा दुसरीकडे उभा होतो,
तिथे वास होता.

राजा हेलावला. खरंच हेलावला.
त्यांच्या देवाला हात जोडले आणि त्याच दमात
नवा हुकूम: या देवाविरुद्ध जो बोलेल
त्याचे तुकडे करा, घराचा उकिरडा करा.
लोकांनी जयजयकार केला.
मी राजाच्या ओठांकडे बघत होतो.
आग विझली नव्हती,
वारा फिरला होता फक्त.

संध्याकाळी पाटी लिहायला बसलो.
लव्हाळा, झावळ्या, डांबर.
माणसांचा रकाना आमच्या पाटीत नसतो.
माती सुकत चालली होती.
अगदी कडेला, बोरूच्या टोकानं
एक उभी खूण केली, नखाएवढी.

मग तिथेच, नेहमीसारखा,
अंगठा दाबला.