पगाराखालची ओळ

जाहिरातीत पगार बेताचाच होता.
खाली बारीक अक्षरांत:
गच्चीवर प्रत्येकाला मधमाश्यांची एक पेटी.
मी हिशेबनीस. खर्चाच्या रकान्यात
माश्या लिहिताना हात अडखळला होता.

ल्युब्लियानाच्या आमच्या अक्षरशाळेत बत्तीस जण आले.
कुणी विचारलं, मध किती किलो?
कुणी, पेटीऐवजी रोख मिळेल का?

शेवटी ब्रिना. नखांत शाई,
नमुन्याची अक्षरं पाठकोऱ्या बिलांवर.
म्हणाली, माश्या पेटी सोडून निघाल्या
तर त्यांच्यामागे जायला रजा मिळते?

व्लास्तानं नियमावली उलटीसुलटी चाळली,
मग माझ्याकडे पाहिलं.

मे महिन्यातल्या काही दुपारी आता
पडद्यावर एक अक्षर शेपटीपाशीच थांबलेलं असतं,
खुर्ची रिकामी.
हजेरीपटात मी लिहितो: माश्यांमागे.
आणि खिडकी जरा किलकिली ठेवतो.